तासिका तत्त्व आणि प्राध्यापकाचा चरितार्थ



प्राध्यापकांच्या पगाराचा प्रश्न हा पोट भरलेल्या लोकांचा प्रश्न आहे, अशी आपल्या वस्त्यांतून एक समजूत आहे. ती एके काळी खरी असेल. आज ज्या तरुणास आपण ‘प्रोफेसरसाहेब’ म्हणून हार घालतो, तो महिनाअखेर घरभाडे कोठून देतो याची चौकशी आपण करीत नाही. आणि तोही लाजेपोटी सांगत नाही. मी वकील आहे, म्हणून भावनेच्या आधी हिशेब मांडतो. आकडे रुक्ष आहेत, पण ते ऐकून घ्यावेत.

सातव्या वेतन आयोगानंतर सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये ठरले. त्यावर महागाई भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२५ चा केंद्राचा दर ५५ टक्के धरला, तर ही रक्कम ८९,४३५ रुपये होते. त्याशिवाय घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे ३०, २० किंवा १० टक्के. या कोष्टकात मुंबई व पुणे पहिल्या वर्गात, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर दुसऱ्या वर्गात आणि तालुक्याचे गाव तिसऱ्या वर्गात पडते. मुंबईच्या व तालुक्याच्या प्राध्यापकात या एका भत्त्याने ११,५४० रुपयांचा फरक पडतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. काळ महागला तर एक भत्ता वाढतो; गाव महाग असेल तर दुसरा. माणूस कोठेतरी राहतो आणि काहीतरी खातो, हे सरकारने येथे मान्य केले आहे.

आता त्याच महाविद्यालयात, त्याच फळ्यासमोर, तीच नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेला आणि पुष्कळदा पीएच.डी. असलेला तासिका तत्त्वावरील अध्यापक पाहा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पदवी वर्गासाठी तासाचा दर ९०० रुपये केला. समजा, त्यास आठवड्यास नऊ तास मिळाले. चार आठवड्यांचे ३२,४०० रुपये झाले. परंतु परीक्षा व सुट्यांच्या काळात तास नाहीत, म्हणून मोबदला नाही. वर्षात नऊ महिने पूर्ण तास भरले असे उदारपणे धरले, तरी वर्षाचे २,९१,६०० रुपये होतात आणि बारा महिन्यांस वाटल्यास दरमहा २४,३०० रुपये पडतात. हा दर मुंबईत तोच आणि गडचिरोलीतही तोच. त्यास महागाईचा निर्देशांक ठाऊक नाही, घरभाडे ठाऊक नाही. मूळ दर वाढविण्यासाठी दर वेळी मोर्चा काढावा लागतो. आणि कायम प्राध्यापकाचा महागाई भत्ता मात्र सामान्यतः वर्षातून दोनदा पाहिला जातो.

केंद्राने सर्वांत खालच्या पदासाठी १८,००० रुपये मूळ वेतन ठरविले. त्यावर वरील दराने महागाई भत्ता धरला तर २७,९०० रुपये होतात. शिपायाचे वेतन अधिक आहे असे कोणी म्हणू नये; ते बेताचेच आहे. ते ठरले कसे, हे महत्त्वाचे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप घालून दिले. कमावत्याच्या मागे तीन माणसांचा आहार, वर्षाचे ७२ वार कापड, घरभाडे, इंधन व दिवाबत्ती असे ते माप आहे. १९९१ साली रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार व म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के त्यात घातले. ज्वारी, कापड, खोलीचे भाडे यांपासून आरंभ करून वेतनापर्यंत येणारी ही रीत आहे. तासाच्या दरात अध्यापकाचे कुटुंब कोठेच मोजलेले दिसत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांस दरमहा ४५० रुपये मिळत. परळच्या चाळीत राहून त्यांनी त्यातून काटकसरीने शिल्लक टाकली. १९२० साली राजीनामा देऊन ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले, तेव्हा शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या जोडीला ही शिल्लक होती. शिल्लक पडण्यास आधी नियमित महिना लागतो.

तासावरचा अध्यापक किती वर्षे थांबू शकतो, हे त्याच्या घरावर अवलंबून असते. ज्याच्या वडिलांची बागायत आहे किंवा शहरात स्वतःचे घर आहे, तो कायम जागेची वाट दहा वर्षे पाहील. ज्याच्या घरी त्याचाच पगार पहिला, तो तिसऱ्या वर्षी खाजगी शिकवणीत किंवा विमा विकण्यात जातो. पुढे राखीव जागेची जाहिरात निघते तेव्हा तो अर्जदारांत नसतो, आणि ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा लिहिण्यास जागा मोकळी होते. मला या प्रश्नाची खरी धास्ती येथे वाटते.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट तर विलक्षण आहे. २०१८ च्या विनियमांत पूर्वीची तात्पुरती सेवा पुढे मोजण्याची सोय आहे. परंतु त्यास अट अशी, की त्या काळातले एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनाहून कमी नसावे. म्हणजे आधी कमी द्यावयाचे, आणि कमी दिले म्हणून ती सेवाही धरावयाची नाही! त्याच अनुदान आयोगाने २०१९ च्या जानेवारीत अतिथी अध्यापकास तासाला १,५०० रुपये, महिन्यास कमाल ५०,००० रुपये, असे मार्गदर्शन केले होते.

संविधानाच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये समान कामास समान वेतन हे तत्त्व आहे. रणधीर सिंग खटल्यात १९८२ साली न्यायालयाने त्यास बळ दिले. पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या २०१६ च्या निकालात, तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यास वेतनश्रेणीचे किमान वेतन मिळाले पाहिजे असे ठरले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी शाह समीर भरतभाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात हेच तत्त्व दरमहा ३०,००० रुपयांवर राबणाऱ्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांस लागू झाले. संस्थाचालक उमादेवी खटल्याचे नाव पुढे करतात. तो २००६ चा निकाल नोकरीत कायम करण्याविषयी आहे. केलेल्या कामाचे वेतन हा निराळा दावा आहे, आणि हे दोन दावे एकत्र कालवले की दोन्ही बुडतात.

तथापि खोटी आशा मी लावणार नाही. गुजरातचे अध्यापक महिन्यावर नेमलेले होते. तुम्ही तासावर आहात. ‘हा केवळ नऊ तास शिकवतो, नियमित सहायक प्राध्यापकास आठवड्यास सोळा तास शिकवावे लागते’, असे समोरचा वकील पहिल्याच दिवशी म्हणेल. त्याचे उत्तर भाषणात नसून कागदात आहे. परीक्षेचे पर्यवेक्षण, उत्तरपत्रिका, प्रवेशाचे काम, मूल्यांकन समितीच्या भेटीआधीची रात्रंदिवस कारकुनी ही सारी कामे तुमच्याकडून फुकट करवून घेतली जातात. ती ज्या पत्राने सांगितली ते पत्र जपून ठेवा. तोंडी सांगितले असेल तर त्याच दिवशी प्राचार्यांस नम्र पत्र लिहून काम केल्याचे कळवा व पोच घ्या. नेमणूकपत्र, वेळापत्रक, हजेरीपटाची प्रत आणि बँकेचे पासबुक एका फाइलीत लावा. थकबाकी सामान्यतः दावा दाखल केल्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणून ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणाऱ्याचे दरवर्षी एक वर्ष बुडते. आणि एकट्याने जाऊ नका. एकट्याचे तास पुढच्या सत्रात काढून घेतात. एका विद्यापीठाच्या कक्षेतील वीस-पंचवीस जणांनी एकत्र अर्ज केला, तर ते तितके सोपे राहत नाही.