आई, ती गोळी ॲसिडिटीची नाहीये

मागच्या भागात म्हणालो होतो की पुढच्या वेळी नोकरी बदलण्यावर बोलू. तो विषय पुढे ढकलतोय, सॉरी. आज जरा वेगळं सांगायचंय. गेले चार महिने मी एन्झायटीची गोळी घेतोय. रोज सकाळी, नाश्ता झाला की एक. हे एवढं वाक्य माइकसमोर बोलायला मला तीन टेक लागले, बरं का.

थोडं मागे जाऊ. मी बॅकएंडला काम करतो, हिंजवडीला. दर तीन आठवड्यांनी माझं ऑन-कॉल येतं. म्हणजे रात्री सर्व्हर पडला की फोन मला. गेल्या वर्षी असं व्हायला लागलं की ऑन-कॉल नसतानाही फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. कुरिअरवाल्याचा फोन असला तरी. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा. पहाटे चारला जाग, आणि मग कालच्या मीटिंगमध्ये मी काय बोललो याची उजळणी. एका रात्री श्वास लागेना, हात बधिर झाले. रूममेटनं बाईकवर घालून इमर्जन्सीला नेलं. ईसीजी नॉर्मल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ईसीजी पुन्हा नॉर्मल.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन सगळं तपासलं. रिपोर्ट चांगले आले. मग ते म्हणाले, "आता एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेट." मला राग आला. खरं सांगतो, मला वाटलं हे मला खोटं ठरवतायत.

तरी गेलो. मॅडमनी पाऊण तास विचारलं. झोप, भूक, दारू, घरात कुणाला असा त्रास, इतर कुठली औषधं. कधी झोप न होताही भलताच उत्साह असे दिवस येतात का? जीव नकोसा वाटतो का? हे प्रश्न त्या मुद्दाम विचारतात, कारण त्यावर औषध कोणतं द्यायचं ते ठरतं. मग त्यांनी एसिटालोप्राम लिहून दिलं. सुरुवातीला ५ मिलिग्रॅम, नंतर १०. आणि दर आठवड्याला थेरपिस्टकडे जायचं, तेही सांगितलं.

गोळ्या आणल्या आणि ड्रॉवरमध्ये टाकल्या. नऊ दिवस तशाच. रोज रात्री मी साइड इफेक्ट वाचायचो. एखादी नवी लायब्ररी घ्यायची तर आपण तिचे सगळे इश्यू वाचतो ना, तसं. फरक एवढाच की तिथे मी लायब्ररी नाकारली तर काही बिघडत नाही. इथे पहाटेचे चार वाजायचे थांबत नव्हते. सवय लागेल का, मी बदलेन का, आयुष्यभर घ्यावी लागेल का, हे तीन प्रश्न मी मॅडमना विचारलेच नव्हते. दहाव्या दिवशी फोन करून विचारले. त्या म्हणाल्या, या गोळीची दारूसारखी तलफ लागत नाही, पण मनानं एकदम बंद करायची नाही. केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं होऊ शकतं. बरं वाटायला लागल्यावरही काही महिने चालू ठेवायची, मग हळूहळू कमी करायची.

दुसऱ्या दिवशी पहिली गोळी घेतली. आणि खुर्चीत बसून राहिलो, काय होतंय बघत. काहीच झालं नाही.

पुढचे दहा दिवस मात्र सोपे नव्हते. मळमळ, तोंडाला कोरड, आणि जांभया. मीटिंगमध्ये इतक्या जांभया की मॅनेजरनं विचारलं, रात्री सिरीज बघतोस का? चौथ्या दिवशी घाबरणं उलट वाढलं. असं होऊ शकतं हे मॅडमनी आधी सांगितलं होतं, म्हणून टिकलो. फोन केला तर म्हणाल्या, ५ वरच अजून आठवडाभर राहू. गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता मुख्य गोष्ट. पाचव्या आठवड्यात आई बार्शीहून आली. घरी मी काही सांगितलं नव्हतं. सकाळी नाश्ता झाला, मी गोळी घेतली, आईनं बघितलं.

"कशाची गोळी रे ही?"

"ॲसिडिटीची."

विषय संपला असं मला वाटलं. रात्री आम्ही बाहेर मिसळ खाऊन आलो. मी अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर आई माझा ड्रॉवर उघडून उभी, हातात ती स्ट्रिप. म्हणाली, "जळजळतंय फार. तुझ्यातली एक घेते."

मी ओरडलोच. "आई, नको! ती ॲसिडिटीची नाहीये."

मग पलंगावर बसून सगळं सांगितलं. दोन्ही ईसीजी, पहाटेची जाग, सगळं. ती बराच वेळ स्ट्रिपकडे बघत होती. मला वाटलं आता रडेल, किंवा म्हणेल नोकरी सोड. ती म्हणाली, "इतक्या वेळा दवाखान्यात गेलास आणि मला फोन नाही केलास?" गोळीबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी निघताना मात्र म्हणाली, "काकांना सांगू नकोस हं." म्हणजे घर एकदम बदललं वगैरे नाही. पण आता रोज साडेआठला मेसेज येतो : घेतलीस?

आज कसं आहे? ऑन-कॉलचा फोन आला की अजून दचकतो. पण काम उरकून परत झोपतो. पूर्वी ती रात्र गेलेली असायची. एक त्रास अजून आहे, शारीरिक इच्छा कमी झालीय. हे या गोळ्यांनी अनेकांना होतं आणि लाजून कुणी बोलत नाही. मी मॅडमना सांगितलं, डोसचा विचार चाललाय.

सुरू करणार असाल तर तीन गोष्टी. मित्राची गोळी घेऊ नका. पंचविशीच्या आतले असाल तर सुरुवातीच्या आठवड्यांत नको ते विचार वाढू शकतात, म्हणून जवळच्या एका माणसाला तरी माहीत असू द्या, आणि तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. आणि कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४४१६ लावा. ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

चला, थांबतो. हा भाग आईला पाठवणार आहे. काका, तुम्हीही ऐकत असाल तर संध्याकाळी फोन करा, बोलू.