वानर आणि पळस: उन्हाळा काढायच्या दोन तऱ्हा

आजची तुलना जरा विचित्र आहे. एक प्राणी आणि एक झाड. दोघंही आपल्या परळी वैजनाथच्या आसपासचे, बालाघाटच्या डोंगरातले: काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर आणि केशरी फुलांचा पळस.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कुठलीही सिस्टिम बघितली की पहिला प्रश्न पडतो, लोड वाढल्यावर ही काय करते? आपल्याकडं लोड म्हणजे उन्हाळा.

पळस हिवाळा सरता सरता पानं गाळतो. पानं नाहीत, म्हणजे पाण्याचा खर्च कमी. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, अंगावर पान नसताना, फुलतो. मधासाठी मैना, शिंजीर येतात, परागीभवन होतं. चपट्या शेंगेत बी एकच, ती वाऱ्यावर जाते. झाड जागचं हलत नाही, स्वतःला बदलतं.

वानर जागा बदलतं, जेवण बदलतं. त्याच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात. तिथले जिवाणू जून पानंसुद्धा आंबवून पचवतात. कोवळा पाला संपला की कळ्या, फुलं, शेंगा. पळसाची फुलंही ते खातं. म्हणजे ऐन टंचाईत पळस त्याचं ताट वाढतो.

आता बघा. बांधावरचा पळस तोडला, तर तो गप्प आडवा होतो. वानराला मात्र पाय आहेत. ते हरभऱ्यात उतरतं, पत्र्यावर नाचतं. शेतकऱ्याचं नुकसान खरंच होतं, ते नाकारून चालणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, माजलगाव तालुक्यातल्या लवूळची बातमी जगभर गेली. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेत होती. शेवटी वनविभागानं दोन वानरं पकडून नेली. पळस तुटल्याची अशी बातमी कधी ऐकलीत?

वानराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. बांधावरच्या पळसाला आपल्याशिवाय कुणी नाही.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. वानराला पेढा, बिस्किट देऊ नका. पाल्यासाठी घडलेल्या पोटाला ते मानवत नाही, आणि माणसाच्या हाताची सवय लागते ती वेगळीच. दुसरं, शेतात पळस असेल तर राहू द्या. घरी वडील, काका तोडायला निघाले, तर एकदा बोलून बघा.

आणि हे फक्त परळीचं नाही बरं का. कुठंही जा, पळसाला पानं तीनच!

भेटू पुढच्या भागात.