जेवल्यावर झिंगणारं पिल्लू



आगाशी-अर्नाळ्याच्या वाड्यांत पूर्वी कुत्रा असे तो राखणीचा. आता घरांतून शिह त्झू, पग, माल्टीज दिसतात. त्यांतलं एखादं पिल्लू अंगानं भरतच नाही. बोंबील-भात किंवा खिमा खाल्ला की काही वेळानं झिंगतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, लाळ गाळतं, कधी फिटही येते. घरचे दृष्ट काढतात, जंताचं औषध देतात. दुखणं मात्र यकृताच्या वाटेवर असतं.

आतड्यांतलं रक्त आधी यकृतात जाऊन शुद्ध व्हायचं असतं. या पिल्लांत जन्मतःच एक जादा शीर असते. वाडीतला पाट फुटून पाणी वाफ्याऐवजी ओढ्याला मिळावं, तसं रक्त यकृताला टाळून परस्पर हृदयाकडे जातं. मांस-मासळी पचताना तयार झालेला अमोनिया मग मेंदूपर्यंत पोहोचतो. १८९३ साली रशियात पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाट मुद्दाम वळवलेल्या कुत्र्यांना मांस घातलं, तेव्हा असेच झटके दिसले होते.

औषधं आणि बेताची प्रथिनं यांनी त्रास आटोक्यात राहतो, पण वाट तशीच राहते. ती बंद करते शस्त्रक्रिया. ही शीर एकदम बांधली, तर अरुंद राहिलेल्या यकृताच्या शिरांना सगळं रक्त पेलत नाही; पोटात दाब वाढून जीवही जाऊ शकतो. म्हणून सर्जन तिच्याभोवती अमेरॉइड नावाची छोटी कडी बसवतात. बाहेर पोलाद, आत केसीन, म्हणजे दुधातलंच प्रथिन. ते ओलावा शोषून फुगतं, पोलादामुळे बाहेर पसरू शकत नाही, आतच सरकतं. भोवतीची पेशीजालंही घट्ट होतात. काही आठवड्यांत शीर मिटते आणि तेवढ्या अवधीत यकृत सावरतं. ही सबुरी मला या शस्त्रक्रियेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

शंका आली तर डॉक्टरांकडे बाइल ॲसिडची तपासणी मागा: एकदा उपाशीपोटी, एकदा खाल्ल्यानंतर दोन तासांनी. पुढे सोनोग्राफी किंवा सीटी. परळला, बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारात, १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अनुभवी सर्जन कोण, याची चौकशी तिथे करता येईल. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस फिट येऊ शकते, तेव्हा पिल्लू नजरेआड करू नका. पथ्य आणि औषध लगेच सोडू नका.

आणि पिल्लू ठणठणीत बरं झालं, तरी त्याची वीण करू नका. काही जातींत हा दोष वंशातून उतरतो.