अध्यक्षीय भाषण : जोडगोळीतला हवालदार

पोलिसांच्या जोडगोळीवरचा विनोदी चित्रपट दोन न जुळणाऱ्या माणसांवर उभा असतो. एक शिस्तीचा, दुसरा उनाड, आणि दोघांना एकाच गाडीत बसण्याची सक्ती. हॉलिवूडने या विजोडपणाला वर्णभेदाची धार दिली. 1982च्या ‘फॉर्टी-एट अवर्स’मध्ये गोरा पोलीस आणि तुरुंगातून बाहेर काढलेला काळा कैदी एकत्र आले. 1987च्या ‘लेथल वेपन’मध्ये मात्र काळा अधिकारी संसारी आणि गोरा सैरभैर, अशी उलटापालट झाली. ‘द हीट’ने 2013मध्ये दोन्ही जागा स्त्रियांना दिल्या. तरीही प्रतिनिधित्व पोस्टरवरच्या चेहऱ्यांनी ठरत नाही. हशा कोणावर पिकतो आणि गुन्ह्याचा उलगडा कोणाच्या डोक्यातून होतो, यावर ते ठरते.

मराठीत हा विजोडपणा हुद्द्याचा आणि बोलीचा आहे. महेश कोठारे यांचा ‘दे दणादण’ही 1987चाच. त्याची कल्पना ‘सुपर फझ’ या इटालियन चित्रपटातली : पोलिसाच्या अंगी अचाट शक्ती येते आणि लाल रंग दिसला की ती जाते. कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघेही खाकीत आहेत. शक्ती मिळते ती बेर्डे यांच्या पोलिसाला. ज्याच्यावर प्रेक्षक हसतो, त्याच्याच हाती चित्रपटाची किल्ली आहे. प्रतिनिधित्वाची भाषा न करता साधलेली ही गोष्ट पुढच्या अनेकांना जमली नाही. हिंदीतल्या ‘मैं खिलाडी तू अनाडी’चा (1994) इन्स्पेक्टर करण जोगळेकर आडनावापुरताच मराठी. बाकी मराठी माणूस बहुधा सलाम ठोकणारा हवालदार.

उरण तालुक्यातले न्हावा शेवा हे अशा चित्रपटाला आयते मिळालेले स्थळ. 1989मध्ये सुरू झालेले बंदर, कंटेनरच्या रांगा, तस्करी, आणि 2024पासून शिवडीला जोडणारा अटल सेतू. पण कॅमेरा क्रेनवरच थांबतो. भोवतालची आगरी-कोळी गावे फ्रेममध्ये येत नाहीत. आली तर ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ करणारा एखादा गमत्या म्हणून, दोन मिनिटांपुरती.

त्याच गमत्याला हवालदार केले तर प्रसंग कसा बदलतो पाहावे. कंटेनरच्या दाराला बोल्ट सील आहे. सीलवरचा क्रमांक कागदाशी जुळतो, साहेबांचे समाधान होते. हवालदाराची नजर सीलवर नसून कडीच्या रिव्हेटवर आहे : बाकी दार गंजलेले, तेवढाच रंग ताजा. सील न तोडता रिव्हेट काढून माल काढण्याची युक्ती यार्डात काम केलेल्या भावकीमुळे त्याला ठाऊक आहे. आता त्याच्या बोलीला प्रेक्षक हसला तरी हशा त्याच्या बाजूचा असेल, फजिती साहेबांची.

या किनाऱ्यावर खाकीचा विनोद सोपा नाही, हेही खरे. जानेवारी 1984मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी झालेल्या आंदोलनात जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. इथला आगरी हवालदार घरी जेवायला बसतो तेव्हा पंगतीत ती आठवण असते. पटकथेने ती टाळली तर पात्र पोकळ होईल, आणि भाषणासारखी आणली तर विनोद मरेल. आजोबांचा एखादा टोमणा पुरे.

दलातली माणसेही बदलली आहेत. राज्यात सरकारी नोकरभरतीत स्त्रियांना 30 टक्के आरक्षण आहे. पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी पर्याय देण्याची तयारी सरकारने डिसेंबर 2022मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखवली. पडद्यावरची महिला शिपाई मात्र अजून दारात उभी राहून आरोपीला धरते, किंवा नायकाच्या प्रेमात पडते. जोडगोळीतली अर्धी जागा तिला देताना तिची चूक, तिचा आळस, तिचा थापाडेपणाही द्यावा लागेल. निष्कलंक पात्रावर हसता येत नाही.

मराठी पटकथाकारांना विनंती एवढीच : उरणचा हवालदार लिहायचा असेल तर संवाद उरणच्या माणसाकडून तपासून घ्यावेत, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव द्यावे.