जुन्या गाडीचा रंग आणि पंचवीस हजार रुपये

मी म्हैसूरहून बोलतेय. आमच्या घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, अशी आता तिसरी पिढी चाललीय. माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा, गाड्यांचा नाही. तरीही आज मी गाडीच्या रंगाबद्दल बोलणार आहे, कारण गेल्या वर्षी आमच्या अप्पांच्या जुन्या मारुती 800 ला रंग द्यायचा होता आणि माझ्या हातात मोजून 25,000 रुपये होते.

मारुती 800 बद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातात पडली, जानेवारी 2014 मध्ये शेवटची तयार झाली. आमची 2001 ची, पांढरी. अप्पा आता चालवत नाहीत, पण दर महिन्याला दवाखान्यात त्याच गाडीतून जातात. रिक्षा बोलावू म्हटलं की म्हणतात, "आपली गाडी आहे ना?"

प्रश्न नुसत्या दिसण्याचा नव्हता. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. दाराखालचा पत्रा बोट लावलं तर खपली निघावी असा झाला होता. अशी गाडी तपासणीला नेणार कशी?

तुम्ही म्हणाल, मग द्यायचा की रंग! तसा तो आम्ही एकदा दिलाच होता. सहा-सात वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने चार दिवसांत गाडी आरशासारखी करून दिली. अप्पा खूश, आम्ही खूश. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेला फुगे आले. एक फुगा मी नखाने फोडला, तर आतून तांबडं पाणी आलं. गंज तसाच ठेवून त्यावर जाड लांबी भरली होती, आणि लांबीवर सुंदर रंग.

त्या फुग्याने मला जे शिकवलं तेच आज सांगायचंय. हातात पैसे थोडे असतील तर ते रंगावर घालू नका. रंगाच्या खाली घाला.

आमच्या गावातलंच उदाहरण देते. मतदान केल्यावर बोटाला जी शाई लावतात, ती म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते. नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या काळात, 1937 मध्ये, लाख आणि रंग यांसाठी हा कारखाना निघाला. 1962 च्या निवडणुकीपासून तो ही शाई पुरवतो. आज त्याचं नाव मैसूर पेंट्स अँड वार्निश. ती शाई धुऊन का जात नाही? तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीवर नुसतं बसत नाही, कातडीला धरतं. मग जुनी कातडी झडली की तिच्याबरोबर डागही जातो. गाडीच्या रंगाचंही तसंच आहे. तो पत्र्याला धरून असतो. पत्रा झडायला लागला की वरचा रंग कितीही महाग असो, तो पत्र्याबरोबर जाणार.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा तिच्यावरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात, म्हणजे एखाद्या जाड केसाएवढे. पत्र्याची सगळी राखण एवढ्या थरावर असते. तो कुठे तुटतो? आपण बाहेरच्या ओरखड्यांकडे बघतो, पण आमच्या गाडीचा गंज आतून आला होता. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. म्हैसूरचे रस्ते झाडांनी भरलेले. पानांचा चुरा आणि धूळ त्या भोकांत बसली, पावसाचं पाणी दारात साचून राहिलं आणि पत्रा आतून खाल्ला गेला. तुमच्या घरी गाडी असेल तर आज एक काडी घेऊन ती भोकं मोकळी करा. याला एक पैसाही लागत नाही.

दुसरी फुकटची तपासणी चुंबकाची. फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक फडक्यात गुंडाळून गाडीवर फिरवा. जिथे ते पत्र्याला धरत नाही, तिथे खाली जाड लांबी आहे. प्लास्टिकचे बंपर सोडा, तिथे ते धरणारच नाही. आमच्या डाव्या दारावर वीतभर जागेत चुंबक खाली घसरलं. जुनी गाडी विकत घेतानाही ही युक्ती उपयोगी पडते.

मग मी भाव काढले. मोठ्या वर्कशॉपमध्ये पूर्ण गाडीचे 58,000 सांगितले. रस्त्याकडेच्या एकाने 14,000 सांगितले, चार दिवसांत. बन्नीमंटपाच्या बाजूला एक वयस्कर मेस्त्री आहेत. त्यांनी आधी गाडीखाली वाकून सगळीकडे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघितलं आणि मग कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, चाकं जिथे बसतात तिथला पत्रा चांगला आहे. तो गेला असता तर रंग देऊ नका म्हटलं असतं." हे लक्षात ठेवा. जिथे चाकांचा आणि इंजिनाचा भार येतो तो भाग गंजला असेल, तर रंगाचे पैसे वाया जातात.

मेस्त्रींनी विचारलं, "पूर्ण गाडी कशाला?" आमचा रंग साधा पांढरा. मेटॅलिक रंगात चकचकीत कण असतात, एक दार रंगवलं की शेजारचं निराळं दिसतं आणि वर पारदर्शक थरही द्यावा लागतो. साध्या पांढऱ्याला हे दोन्ही लागत नाही. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो, तो दुकानात दाखवायचा. पण गाडी वीस वर्षं उन्हात राहिलेली, म्हणून नुसत्या क्रमांकावर न जाता पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून नेलं आणि रंग त्याच्याशी जुळवून घेतला. बॉनेट, टप आणि डावी बाजू रंगवायची ठरली. बाकीच्या भागाला नुसतं रबिंग आणि पॉलिश.

माझ्या भाच्याला गाडी लाल हवी होती. त्याला मी हिशेब दाखवला. रंग बदलला तर आरटीओच्या कागदावर तशी नोंद करून घ्यावी लागते. शिवाय दार उघडलं की आतल्या कडा, डिकीचं तोंड, बॉनेटची आतली बाजू, सगळीकडे जुना रंग दिसतो. तेही रंगवायचं तर खर्च किती वाढेल? भाचा गप्प बसला.

आता रंगाचा प्रकार. आपल्याकडे आजही गॅरेजात 'ड्युको' हा शब्द ऐकू येतो. शंभर वर्षांपूर्वी, 1923-24 च्या सुमारास, अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने या नावाचा झटपट वाळणारा रंग आणला. त्याआधी गाडीचा रंग वाळायला दिवसच्या दिवस जात. त्या जातीचा रंग स्वस्त, पण त्यातला थिनर उडून गेला की तो वाळतो, इतकंच. पुन्हा थिनर लागला तर विरघळतो. दुसरा प्रकार हार्डनर मिसळून मारायचा. त्यात दोन घटक एकमेकांना कायमचे बांधले जातात, म्हणून तो ऊन-पावसात टिकतो. इथे मी पैसे वाचवले नाहीत.

पण हार्डनरच्या फवाऱ्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते श्वासात गेलं तर रंगाऱ्याला कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मास्क सर्वांत चांगला. तो नसेल तर निदान रसायनाच्या वाफेसाठी असलेला, काडतुसाचा मास्क हवा. मेस्त्रींकडे दोन्ही नव्हते. घरी जाऊन मी हिशेबात एक ओळ वाढवली.

घाई होती ती दसऱ्याची. म्हैसूरचा दसरा तुम्ही ऐकून असाल. आपल्या खंडेनवमीला इथे आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी गावातली प्रत्येक गाडी धुतली जाते, हार पडतो, चाकाखाली लिंबं ठेवतात, कोहळा फोडतात. अप्पांचा हट्ट, की पूजेला गाडी नवी दिसली पाहिजे. मेस्त्री म्हणाले, "पाऊस थांबलेला नाही. दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो, मागून फुगतो. मी मारून देईन, पण पुढच्या वर्षी तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडाल."

मला तो तांबड्या पाण्याचा फुगा आठवला. मी अप्पांना म्हटलं, थांबायचं. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मधल्या काळात खरं काम झालं. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. उरलेला गंज घासून त्याला औषध लावलं. त्यावर इपॉक्सी प्रायमर. मग लांबी, तीही दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. एक गोष्ट मेस्त्रींनी बजावून सांगितली. लांबी कोरडीच घासायची, आधी 80 नंबरचा पेपर, मग 180. पाण्याने घासली तर ती पाणी पिते आणि तेच पाणी पुढे फुगा होऊन वर येतं. पाणी लावून घासायचं ते वरचा प्रायमर चढल्यावर, बारीक पेपरने.

नवमीला मी अप्पांना घेऊन गॅरेजात गेले. मेस्त्रींची पोरं कंप्रेसरला आणि स्प्रेगनला हळद-कुंकू लावत होती. शेजारी आमची गाडी, अर्धी पांढरी, अर्धी राखाडी, दारं काढून ठेवलेली. अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग वाकून त्यांनी नव्या पत्र्यावर टकटक केलं. खणखणीत आवाज आला. कुंकू मात्र त्यांनी काचेला लावलं. म्हणाले, "प्रायमरवर नको. तेलकट बोट लागलं तर रंग धरणार नाही." म्हणजे मेस्त्रींचं सगळं त्यांनी ऐकलं होतं!

आता हिशेब सांगते, तोच माझा धंदा. पत्राकाम आणि वेल्डिंग 7,500. प्रायमर, लांबी, रंग, हार्डनर, थिनर, पेपर मिळून 8,000. मजुरी 6,500. दारांची रबरं नवी, 1,400. दारांच्या आत गंज रोखणारं मेण, 1,200. आणि तो मास्क, 1,200. एकूण 25,800. माझं बजेट 800 रुपयांनी मोडलं. पण बघा, यातला दिसणारा रंग केवढासा आहे! बरेचसे पैसे जे दिसत नाही त्यावर गेले.

दिवाळीच्या आधी कोरडं ऊन पडलं आणि रंग चढला. महिनाभर त्याला मेणपॉलिश लावलं नाही, रंग पुरता कडक होऊ दिला. जवळ जाऊन बघाल तर उजवी बाजू अजून थोडी पिवळट दिसते. त्याचं आम्हाला काही वाटत नाही.

यंदाचा पावसाळा संपल्यावर मी खाली बसून दाराची कड पुन्हा बोटाने तपासली. एकही फुगा नाही. भोकांत काडी घातली, तर थोडा पानांचा चुरा निघाला. मी काडी टाकून उठले, तर मागे अप्पा उभे. हातात फडकं आणि फ्रिजवरचं चुंबक. म्हणाले, "सरक, उजवी बाजू मी बघतो."

तुम्हीही तुमच्या गाडीची बघा.