न झालेला १६ डिसेंबर
(धम्मसभेतील भाषण)



१६ डिसेंबर १९५६ हा दिवस मुंबईच्या इतिहासात नाही. १४ ऑक्टोबर रोजी नागपुरास लाखोंना धम्मदीक्षा दिल्यावर परमपूज्य बाबासाहेब मुंबईसही दीक्षा देणार होते, आणि तो दिवस १६ डिसेंबर ठरला होता. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ते आणखी दहा दिवस जगते तर? गोदीतील हमाल, गिरण्यांतील कामगार, परळ-नायगाव-वरळीच्या चाळींतील आयाबहिणी शुभ्र वस्त्रे परिधान करून जमल्या असत्या. बावीस प्रतिज्ञा त्यांनी बाबासाहेबांच्याच मुखातून ऐकल्या असत्या. जगाचा माल उतरविणाऱ्या या बंदराने त्या दिवशी जातीचे ओझे उतरविले असते.

चित्र रम्य आहे. परंतु मला त्याची भीतीही वाटते. “बाबासाहेबांच्या हातून दीक्षा मिळती तर आम्ही पक्के बौद्ध झालो असतो,” असे म्हणणारे गृहस्थ भेटतात, आणि त्यांच्या देव्हाऱ्यात जुने टाक तसेच असतात. त्यांनी ७ डिसेंबर आठवावा. त्या दिवशी दादर चौपाटीवर, अंत्यसंस्काराच्या वेळी, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायास दीक्षा दिली. लोक रडत होते, आणि रडतारडता त्रिशरण म्हणत होते. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ च्या शिरगणतीत बौद्ध सुमारे अडीच हजार होते; १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. बाबासाहेबांच्या हातची दीक्षा त्यांतील बहुतेकांना लाभली नव्हती.

हक्कांची लढाई मात्र त्या कल्पनेतील मुंबईतही लढावीच लागली असती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला होता. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना थेट १९९० मध्ये. त्या मधल्या काळात ज्या आईबापांनी मुलांच्या शिष्यवृत्तीपायी दाखल्यावर जुना धर्म राहू दिला आणि घरी बुद्धवंदना केली, त्यांना कृपा करून भित्रे म्हणू नका.

आता ती अडचण उरलेली नाही. शिरगणतीचा कर्मचारी दारी आला की धर्म ‘बौद्ध’ असाच सांगावा. अनुसूचित जातीच्या नोंदीसाठी जातीचे नावही सांगावे लागते. जे टाकले त्याचे नाव पुन्हा उच्चारावे लागते, ही सल मलाही आहे; तरी ते सांगावे, कारण ‘नवबौद्ध’ हे अनुसूचीतील जातीचे नाव नव्हे. आणि तो कर्मचारी काय नोंदवितो, ते त्याच्यासमोर उभे राहून वाचून घ्यावे.