साडेचारचं ऊन

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात सभासदांच्या अनुभवकथनाच्या कार्यक्रमात केलेलं हे भाषण. समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे.)



मी काही वक्ता नव्हे. जळगावला सिव्हिलचा डिप्लोमा केला, भरती मंडळाची परीक्षा दिली आणि इकडे आलो तो इकडचाच झालो. वीस-बावीस वर्षं रुळांच्या देखभालीत गेली. सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "घरातलं सकाळचं ऊन." ते हसले. भुसावळचा माणूस उन्हाचं कौतुक करणार म्हटल्यावर कोणीही हसेल.

शिवाय आमच्या धंद्यात ऊन म्हणजे वैरी. एक किलोमीटर रूळ एका अंशाने तापला की साधारण साडेअकरा मिलिमीटर वाढू पाहतो. पहाटे वीस अंशांवर असलेला रूळ दुपारी साठवर गेला तर हिशेब दीड फुटाचा होतो. सांधे जोडून अखंड केलेल्या रुळाला वाढायला जागा नसते, म्हणून तो आतल्या आत जोर धरून बसतो आणि फारच झालं तर बाजूला सापासारखा वळतो. उन्हाळ्यात दुपारी आमची माणसं गस्त घालतात ती यासाठी. तेव्हा उन्हाकडे प्रेमाने बघायची सवय मला नव्हती.

गुवाहाटीत आल्यावर तर ते नकोसंच झालं. इथे नवीन आलेल्या प्रत्येकाचा हा अनुभव आहे. जूनमध्ये साडेचारला सूर्य वर आलेला असतो. त्याच दिवशी मुंबईला तो सहाला उगवतो. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर लावलेलं. गुवाहाटी त्याच्या पूर्वेला नऊ अंश, मुंबई पश्चिमेला जवळजवळ दहा. एका अंशाला चार मिनिटं धरा, म्हणजे आपल्यात आणि मुंबईत सव्वा तासाचं अंतर पडलं. उरलेली पंधरा मिनिटं उन्हाळ्यात उत्तरेकडे असल्यामुळे मिळतात. ही एकच वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. मुंबईकरांनी तर आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती! इथल्या चहाच्या मळ्यांनी मात्र शहाणपण केलं. त्यांची 'बागान वेळ' घड्याळाच्या एक तास पुढे असते, आणि सूर्य उगवला की माणसं कामाला लागतात. आपण सरकारी माणसं साडेनऊला कचेरीत जातो, तेव्हा सूर्याला येऊन पाच तास झालेले असतात. (एक फायदा आहे. गावाकडच्या कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाची जी वेळ छापलेली असते, त्याच्या तासभर आधी इथे चंद्र दिसतो. उपास लवकर सोडायला मिळणं हा माझ्या मते इथल्या नोकरीतला सर्वांत चांगला भत्ता आहे.)

माळीगावचं आमचं क्वार्टर जुनं, तळमजल्याचं. व्हरांडा पूर्वेला, त्याला लोखंडी जाळी, आणि व्हरांड्याचं दार उघडं असलं तर ऊन थेट बैठकीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतं. मी काय केलं असेल? जाड हिरवे पडदे लावले. दोन पदरी. सौ. म्हणायची, "अहो, दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो." मी ऐकलं नाही.

मग २०२२ आलं. त्या मे महिन्यात दिमा हसाओमध्ये दरडी कोसळल्या. न्यू हाफलाँग स्थानकात चिखलाच्या लोंढ्याने उभी गाडी आडवी केली होती, ती दृश्यं आपण सर्वांनी पाहिली आहेत. लामडिंग-बदरपूर मार्ग कित्येक ठिकाणी तुटला होता. जुलैत गाड्या पुन्हा धावू लागल्या. त्या दुरुस्तीच्या कामावर मीही होतो. रात्र आणि दिवस यांतला फरकच राहिला नव्हता. पाऊस, चिखल आणि रात्रभर मोठे दिवे. त्याबद्दल तक्रार नाही, ती नोकरीच आहे. पण घरी परतलो आणि झोप गेली. रात्री दोनला टक्क जागा आणि दिवसा खुर्चीत डुलक्या. पडदे अजून घट्ट ओढले, उपयोग शून्य.

आता सांगतो ते यापूर्वी या मंडळात कोणाला सांगितलेलं नाही. त्याच हिवाळ्यात एका ठिकाणी गाड्यांचा वेग कमी करायचा होता. मी निरोप लिहून दिला आणि त्यात किलोमीटरचे दोन आकडे उलटे लिहिले. चांगल्या रुळावर गाड्या हळू चालल्या असत्या आणि दुबळ्या रुळावरून भरधाव गेल्या असत्या. स्टेशन मास्तरांनी निरोप परत वाचून दाखवला, आणि म्हणाले, "साहेब, हे बरोबर आहे ना?" पाच मिनिटांत दुरुस्ती झाली, काहीही घडलं नाही. पण त्या रात्री मी जागा होतो तो झोप येत नव्हती म्हणून नव्हे.

डॉक्टरांकडे गेलो. मला गोळ्या हव्या होत्या. ते म्हणाले, गोळ्या नंतर बघू, आधी उठल्याबरोबर अर्धा तास घराबाहेर उजेडात बसा, आणि संध्याकाळी दिवे मंद ठेवा. शरीरातलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाने लागतं. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड आपल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. या घड्याळावरच्या संशोधनाला २०१७ साली नोबेल मिळालेलं आहे, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं, डॉक्टरांनी टाळलं. चार दिवस बसलो आणि सोडून दिलं.

एप्रिल २०२३ मध्ये माझे वडील, नाना, आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यावर ते भुसावळला धाकट्या भावाकडे होते. नाना रेल्वेतच गँगमध्ये होते, मेट म्हणून निवृत्त झाले. पहिल्याच सकाळी त्यांनी आमच्या खोलीचं दार वाजवलं. "अरे, साडेसहा वाजून गेले असतील! ड्युटी नाही का?" बघतो तर सव्वापाच. उजेडावरून वेळ सांगणारा माणूस, आणि त्यांचा हिशेब भुसावळचा. मी म्हटलं, "नाना, झोपा." ते म्हणाले, "एवढ्या उजेडात झोपतो तो आजारी असतो." बोलणं सहज होतं, पण मला लागलं.

दुसऱ्या दिवशी पडदे दिसले नाहीत. नानांनी काढून घडी करून ठेवले होते. सौ.ने मदत केली हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

तेव्हापासून आम्ही दोघे व्हरांड्यात बसू लागलो. चहा व्हायचा, पण बोलणं फारसं नाही. ऊन जाळीतून आत येतं, आधी भिंतीवर चौकटी उमटतात, मग त्या हळूहळू खाली उतरून फरशीवर येतात, पाण्याच्या पिंपावर थोडा वेळ चमकतात. पाऊण तासात सगळा खेळ संपतो. नानांनी काय करावं? खडू घेतला आणि दर रविवारी भिंतीवर पहिली चौकट जिथे पडे तिथे रेघ मारून तारीख घातली. आयुष्यभर रुळावर खडूने खुणा केलेला हात. जूनपर्यंत रेघा दक्षिणेकडे सरकत गेल्या. ढगांनी बरेच रविवार खाल्ले, पण जे मिळाले त्यात जूनच्या अखेरीस दोन रेघा एकमेकींवरच पडल्या. नाना म्हणाले, "आता गाडी उलटी फिरणार." फिरली. डिसेंबरात चौकट भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. मी मोजपट्टी लावून अंतरं मोजली. सवय!

झोपेचं म्हणाल तर महिन्याभरात रात्री साडेनऊला डोळे मिटू लागले. ऊन कारण की नाना कारण, हे मला सांगता येणार नाही.

ज्येष्ठ सभासदांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. नानांचे गुडघे दुखत, म्हणून रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व कमी! रोज उन्हात बसणारा माणूस. डॉक्टर म्हणाले, कोवळ्या उन्हाने मन प्रसन्न होतं, झोप लागते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात नसल्यातच जमा. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ते मिळतात, आणि बंद काचेतून येत नाहीत. भुसावळला सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या सुमाराला, इथे सव्वाअकरा-साडेअकरालाच. म्हणून नाना दहानंतर पुन्हा थोडा वेळ अंगणात बसू लागले. गोळ्याही चालू होत्या.

पण हिवाळा आला की नाना खचायचे. डिसेंबरात साडेचारला दिवस मावळतो. पाचला काळोख, नातवंडं अभ्यासात, मी लाइनवर. ते दिवे लागले की गप्प होत. एकदा म्हणाले, "तुमच्या गावाने सकाळ दिली रे, पण संध्याकाळ काढून घेतली." मी घड्याळाचा हिशेब समजावू लागलो. त्यांनी हात केला, राहू दे. दुसरा हिवाळा त्यांनी काढला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मी त्यांना भुसावळला सोडून आलो.

यंदा क्वार्टरला चुना मारायला माणसं आली होती. सौ.ने ती एक भिंत सोडायला लावली. मुकादमाला वाटलं, आम्ही काही देवाधर्माचं लिहून ठेवलं आहे.

आता रोज पाचच्या सुमाराला फोन येतो. पलीकडे भुसावळला अजून उजाडलेलं नसतं. नाना विचारतात, "आलं का?" मी भिंतीकडे बघून सांगतो, कुठल्या रेघेपाशी आलंय ते.

सचिव घड्याळ दाखवत आहेत, आरतीची वेळ झाली. थांबतो. गणपती बाप्पा मोरया!